भाचीचं इन्सुलिन मी बंद केलं

हे वाचून मला शिव्या घातल्या तरी चालतील.

माझी भाची ऋतुजा अकरा वर्षांची. तिला टाइप वन डायबेटिस आहे, रोज चार इंजेक्शनं लागतात. सुट्टीला ती दिंद्रुडहून आमच्याकडे वडवणीला आलीय. तिचं ते टोचून घेणं मला बघवेना. तीन दिवसांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून साखरेवरचं चूर्ण आणलं आणि म्हणालो, "बाळा, आता सुई बंद."

आज सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. गाडी करून अंबाजोगाईचा दवाखाना गाठला.

डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते नसलं की साखर रक्तातच पडून राहते आणि शरीर उपाशी राहतं. मग ते चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं. अजून उशीर केला असता तर पोरगी गेली असती."

माझी बहीण, ऋतुजाची आई, आली. ती थेट लेकीच्या खाटेशी जाऊन बसली.

संध्याकाळी ऋतुजानं डोळे उघडले. हळूच म्हणाली, "मामा, मी सुई घेतली तर तुमी रागावणार न्हाई ना?"



तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर त्याची सुई बंद करायला सांगणारा माझ्यासारखा शहाणा कोण आहे?