माउंटखालचे नऊ दिवस

सिराजुद्दीन परकार मूळचे श्रीवर्धनचे. सौदीतल्या थुवालच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा सागरी संस्थेत बावीस वर्षं सर्व्हर सांभाळत होते. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. माणूस लाखाचा, पण कामात इतका काटेकोर की देव आठवावा.

दूरच्या सर्व्हरवरचा साठा आपल्या यंत्रातल्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडायचा, याला आम्ही माउंट करणं म्हणतो. खोच अशी, की जोडणी सुटली तरी फोल्डर जागच्या जागी दिसतो. प्रोग्रॅम लिहीत राहतो, पण लिहिलेलं सर्व्हरवर न जाता त्याच यंत्राच्या डिस्कवर पडतं. नंतर जोडणी केली की ते झाकलं जातं, जाजमावर सतरंजी अंथरल्यासारखं. म्हणून रिकाम्या फोल्डरला आधी लिहिण्याची बंदी घालायची, हा सिराजभाईंचा नेम. मी एकदा विसरलो, तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं.

वीणाताई प्रवाळांच्या अभ्यासक. समुद्राच्या तापमानाच्या नोंदी त्यांच्या यंत्रावर येत आणि माउंटवाटे सर्व्हरवर जात. ते यंत्र सिराजभाईंनी रमजानमध्ये, अगदी इफ्तारच्या तोंडावर उभं केलं आणि बंदी घालायची राहून गेली. ऑगस्टमध्ये वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं, पण जोडणी झालीच नाही. नऊ दिवसांनी सिराजभाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ती केली, जुन्या नोंदी दिसल्या, आणि खाली काही अडकलंय का हे बघायचं त्यांना सुचलं नाही. ऑक्टोबरात यंत्र मोडीत काढताना डिस्कही त्यांनीच पुसली. तिची दुसरी प्रत नव्हती.

मग वीणाताईंनी विचारलं, मधले नऊ दिवस कुठे आहेत? तेव्हा सिराजभाईंना उमगलं, ते त्या पुसलेल्या डिस्कवर होते. नेमके तेच दिवस सगळ्यात तापलेले, प्रवाळ पांढरे पडले तेव्हाचे.

"लिख दो, डिस्क खराब हो गई. खलास," आमचे साहेब अदनान म्हणाले. सिराजभाईंचा फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपवून कायमचं घरी परतणं, महिन्यावर आला होता. बावीस वर्षांत नावाला डाग नव्हता. मीही म्हटलं, "लिहा ना सिराजभाई. कोणाला कळणार आहे?"

"डिस्क खराब झाली नाय, प्रसाद. मी पुसली."

मलाच बरोबर घेऊन ते वीणाताईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"या उन्हाळ्यासाठी मी तीन वर्षं थांबले होते," त्या म्हणाल्या. "डिस्क खराब झाली म्हणाला असतात, तर नशिबाला दोष देऊन मोकळी झाले असते. आता तुम्हाला देणार."

"द्या," सिराजभाई म्हणाले. "तो माझाच आहे."

महिन्यानं त्यांना निरोप दिला. वीणाताई आल्या नाहीत. सिराजभाईंनी दोनदा दाराकडे बघितलं, ते पाहून मला बाईंचा फार राग आला. पण बोलायला तोंड नव्हतं. सिराजभाईंच्या जागी मी असतो, तर डिस्क खराब झाली असंच लिहिलं असतं, आणि बाई माझ्या निरोपाला हार घेऊन आल्या असत्या.