दुसऱ्याच्या नंबराचं बिलबुक

ये गं, अशी दारात उभी राहून बोलू नकोस, जवळ बस. किती दिवसांनी तोंड दाखवतेस! धंदा सुरू केलास म्हणतेस आणि टॅक्सवाल्या वकिलाकडे पुढच्या वर्षी जाईन म्हणतेस. पुढच्या वर्षी कशाला? माझं ऐक आधी.

ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी आणि माझी नणंद अंबरनाथला घरातच कापडी हातमोजे शिवायचो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने पहिली ऑर्डर दिली. स्टोअरचे साहेब एवढंच म्हणाले, "साधी चिठ्ठी चालणार नाही, छापील बिल लागेल." मी चौथी शिकलेली, मला काय ठाऊक बिल कसं असतं? उल्हासनगरच्या ज्या सिंधी दुकानदाराकडून आम्ही कापड घ्यायचो, त्याचंच बिल छापखान्यात नेलं. म्हटलं, "अगदी असंच हवं, नाव-पत्ता तेवढा आमचा घाला." छापणाऱ्यानेही अगदी तसंच छापलं. गुलाबी कागद, काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू!

माल द्यायच्या आदल्या दिवशी दोरा घ्यायला त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाभी, नया धंदा है. वरच्या माळ्यावर वकीलसाहेब बसतात, सेल्स टॅक्सचं बघतात. एकदा भेटून जा."

नणंद कुजबुजली, "वहिनी, वकील कशाला? आपण काय कोणाचा खून केलाय?"

तरी तिला ओढतच वर नेलं.

वकीलसाहेबही सिंधीच. त्यांची एक पद्धत होती. ज्याचा कागद त्याने तो मोठ्याने वाचायचा, मगच ते तोंड उघडणार. कागद इंग्रजी असला तर आधी मराठीत समजावायचे, मग आपल्याकडून वदवून घ्यायचे. मी ऐटीत बिलबुक पुढे केलं.

"वाचा ताई, वरपासून."

मी नाव वाचलं, पत्ता वाचला.

"आणि हा नंबर कोणाचा?"

"तो बिलाचा. सगळ्या बिलांवर असतोच की!"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अरे माझी माय! हा खालच्या दुकानदाराचा सेल्स टॅक्स नंबर आहे. उद्या तुम्ही त्याच्या नंबरावर माल विकणार होता!"

मी बिलबुक फाडायलाच निघाले. नणंद तर रडायलाच लागली. महिनाभर पाठ मोडून शिवलेला माल, पहिलीच ऑर्डर. दुसरा कोणी असता तर आमची अक्कल काढली असती. ह्या माणसाने आम्हाला पाणी दिलं आणि टाइपरायटर पुढे ओढला.

"उद्या आला असता तर भानगड झाली असती. आज आलात, आता नुसतं काम आहे."

बिलबुक फाडू दिलं नाही. पानापानावर 'रद्द' लिहायला आम्हा दोघींना बसवलं. नंबराच्या अर्जात मालकाचं नाव विचारलं, तर मी ह्यांचं नाव सांगू लागले.

"शिवतं कोण?"

"आम्ही दोघी."

"ऑर्डर कोणी आणली? माल कोण पोचवणार?"

"मीच."

"मग मालक कोण?"

नणंद डोळे पुसत म्हणाली, "वहिनीचंच लिहा साहेब. ओरडते पण मालकासारखीच."

मग त्यांनी टॅक्स न लावलेलं साधं बिल करून दिलं. सोबत कारखान्याला पत्र दिलं की धंदा नवीन आहे, नंबरासाठी अर्ज करत आहोत, तोवर हे टाइप केलेलं बिल चालवून घ्यावं. फी विचारली तर म्हणाले, "आधी माल पोचवा."

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाले, "कागद चोख आहेत. नंबर आला की कळवा," आणि माल आत घेतला.

पुढे नंबर आला, माझ्या नावाने. वकीलसाहेब असेपर्यंत दर वर्षी टॅक्स भरायच्या मुदतीच्या आधी मी त्यांच्या दारात हजर असायचे. तेवढा शिकलेला, तरी अडाण्याला शहाणं करून सोडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझी शाळा खरी त्या माळ्यावरच झाली बघ.

तर तू उद्याच जा वकिलाकडे. आणि काय म्हणाले ते सांगायला लवकर ये गं. दुपारची जेवायलाच ये, सुकट-भाकरी करते तुझ्यासाठी.