तेविशीची ओळ

नशेच्या पदार्थांच्या गुन्ह्यांत विभागात कोणत्या वयाचे किती जण पकडले गेले, याचा तक्ता आकडेवारी कार्यालयातल्या ताई दरवर्षी बनवत. नशेपायी घर सोडून गेलेल्या त्यांच्या मुलाचा काहीच पत्ता नव्हता. पण त्याच्या वयासमोर आकडा दिसला, की तो कुठेतरी जिवंत असेल, असं वाटून त्यांच्या जिवात जीव येई.

यंदा मुलगा तेवीस वर्षांचा झाला होता. तेवीससमोर शून्य आलं. वरखालच्या ओळी गच्च भरलेल्या, मधली तेवढी सामसूम.

शेजारचा कारकून डोकावून हसला. "वा ताई, तेविशीतली पोरं सुधारली की! साहेब खूश होणार."

ताईंनी पोलिसांच्या नोंदणी कक्षाला फोन लावला.

"दादा, पुन्हा एकदा बघा ना. एक तरी पकडला असेल हो."