भाऊंचा गॅस आणि गोराईची खाडी

सासुरवाडीचे किस्से चारचौघांत सांगू नयेत, असं माझी आई म्हणायची. तिचं माहेरही पार्ल्यातलं आणि सासरही पार्ल्यातलं, त्यामुळे तिला किस्से मिळालेच नाहीत. मी पार्ल्याहून उठून कांदिवलीच्या मालवणी घराचा जावई झालो आणि माझ्याकडे ढीग लागला. दर गणपतीत, दर बारशात दोन-चारांची भर पडते. विसरावं म्हटलं तर मंग्या, म्हणजे माझा मेव्हणा, आठवण करून द्यायला हजर!

पण हे जे आज सांगतोय ते सगळे एकाच प्रकरणातले. यांवर हसायचं की नाही, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही. तुम्हाला हसू आलं तर हसा. मी रागावणार नाही.

*

माझे सासरे, भाऊ. आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर चारकोपच्या एका सोसायटीत वॉचमन. कधी डोकं दुखलं म्हणून बसलेला माणूस नाही. या वर्षी एकदम वाळायला लागले, भूक गेली, डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि मंग्याला आत बोलावलं, भाऊंना बाहेर बसवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या, जे बघावंसं वाटेल ते दाखवा.

घरी स्वयंपाकघरात मीटिंग भरली. मी म्हटलं, भाऊंना खरं सांगायला हवं, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या पार्ल्यात सांगतात.

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या पार्ल्यात सांगतत तर सांगांदेत. आमच्यात जाणाऱ्या माणसाक सांगणत नाय!"

'जाणारा माणूस' हे तोवर कुणीच उच्चारलं नव्हतं. त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा निघालं. निवडलेली कोथिंबीर त्यांनी कचऱ्यात टाकली आणि देठं पातेल्यात.

मग मंग्याने बाहेर जाऊन भाऊंना सांगितलं, "भाऊ, काय नाय. गॅस झालाय पोटात."

भाऊ म्हणाले, "येवढ्या मोठ्या मशिनीत घातल्यानी, आणि गॅसच गावलो?"

*

तेव्हापासून आमच्या घरात गॅस हा शब्द सिलिंडरसाठी वापरायची सोय राहिली नाही.

भाऊंना गावी जायचं होतं. मालवणजवळच्या त्यांच्या खाडीवर. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास नको. मग माझी बायको सुजाता म्हणाली, खाडीच बघायची ना, आपल्या बोरिवलीला आहे की! गोराईच्या खाडीत एक कोळीण बाई होडीतून तिवरांचं जंगल दाखवते, दुपारी स्वतःच्या घरी जेवायला घालते, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. ठरलं. भाऊ, सासूबाई, मंग्या, आम्ही दोघं आणि आमची मुलगी ईरा.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप झाले. 'सहल' यात भाऊ होते. 'सहल २' यात भाऊ नव्हते. आता मंग्या हा असा माणूस आहे की लिफ्टमध्ये शिरून दोनदा आपलाच मजला दाबतो. त्याने 'सहल'वर टाकलं, "डॉक्टर बोलले रिपोर्टची फाईल सोबत ठेवा, रस्त्यात काय झालं तर लगेच ॲडमिट करायला." सुजाताने ओरडून त्याला ते डिलीट करायला लावलं.

रात्री जेवताना भाऊ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मंग्यान कायतरी लिवल्यान आणि पुसल्यान."

मंग्याचा घास अडकला. "जोक होता भाऊ. जरा चावट होता."

"चावट होतो तर पुसलंस कित्याक? पयलो माका पाठवूचो!"

सगळे हसलो. सुजाता हसता हसता पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

*

कोळीणबाईंचं नाव हिरूताई. पन्नाशीच्या, नाकात चमकी, आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या माणसाला वेगळा फोन करायला नको. आधी मासळी विकायच्या, आता माणसं फिरवतात. नवरा मागे इंजिनावर बसतो आणि बोलत नाही. बोलायला त्याला जागाच मिळाली नसावी.

आम्ही भाऊंना दोन्हीकडून धरून होडीत उतरवलं. हिरूताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा असे पिवले कशानी परले?"

मंग्या लाइफ जॅकेटचा पट्टा लावत राहिला. तो आधीच लागलेला होता.

तेव्हा ईरा बोलली. तिला आम्ही जे सांगितलं होतं तेच तिने सांगितलं, "आजोबांना गॅस झालाय."

"गॅसनी?" हिरूताई म्हणाल्या. "मंग आमचे घरान तं सगलेच पिवले झाले असते! आमी रोज सुकटच खाताव!"

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाठ चोळताना त्यांच्या बरगड्या माझ्या हाताला लागल्या. हसण्यातली मजाच गेली माझ्या.

*

तिवरांच्या आत खाडी अरुंद होत जाते. पाणी चहासारखं, दोन्ही बाजूंना चिखल, आणि चिखलावर डोळे वर काढून निवटे, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत असतात. ईराला ते बेडूक वाटले. एका झाडाखाली होडी थांबवून हिरूताईंनी फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या लांब शेंगा दाखवल्या.

"यो झार बिया सोरत नाय हां. अंगावरच रुजवतंय, अंगावरच वाढवतंय. चांगली हातभर झाली का मंग खाली चिखलान सोरतंय. ती उभीच रुतते."

भाऊंनी त्या शेंगेला हात लावला. मग मंग्याकडे बघून म्हणाले, "आमचो झील अजून झाडारच आसा!"

मंग्या चाळिशीला आलाय. लग्न नाही, तीन नोकऱ्या सुटल्या, भाऊंच्याच घरात राहतो. हा टोमणा त्याला रोजचा आहे. त्यालाही उत्तर पाठ आहे. "राहू दे ना भाऊ, तुमचं काय जातंय?"

"तसा नाय. आता सोडूक व्हयो. येळ इली."

मंग्या उठून होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. खाडीतला वारा लागतो म्हणून नाक शिंकरत होता. वारा नव्हता. मला त्याचा फार राग येतो एरवी, आळशी आहे म्हणून. त्या दिवशी नाही आला.

*

पलीकडे उतरलो तेव्हा पाणी मागे सरकायला लागलं होतं. हिरूताईंचं घर काठावरच आहे. ओट्यावर बसवून त्यांनी आम्हाला भरती-ओहोटी समजावायला घेतली. आम्हाला म्हणजे मला, कारण बाकी सगळे खाडीवरचेच. पाणी कधी चढतं, होडी कधी निघते, जाळं कधी टाकायचं. आणि त्याच दमात, त्याच आवाजात म्हणाल्या, "मरान पन पान्याचेच हातान असतंय. भरतीला मानूस जात नाय. जीव जातंय तो ओहोटीला!"

हे मालवणातही म्हणतात, मला नंतर कळलं. पण पार्ल्याजवळ समुद्र असूनही असलं काही कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "आता काय आसा?"

"आता? ओहोटी लागली की!"

सासूबाई उठल्या, भाऊंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी भाऊंचं डावं मनगट घट्ट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी भाऊंना कधी स्पर्श केलेला मी पाहिला नव्हता. त्या भाऊंचं नावही घेत नाहीत, उखाण्यातसुद्धा टाळतात!

जरा वेळाने भाऊ म्हणाले, "हात सोड गो. घाम इलो."

"भरती येवंदे," सासूबाई म्हणाल्या. "मगे सोडतंय."

*

सुजाताने भाऊंसाठी घरून मऊ भात आणला होता. हिरूताईंनी ताटात निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. लाल तवंग, वर आमसुलं. कित्येक दिवसांत घास धड गिळला नव्हता त्या माणसाने, आणि आता वाटीकडे बघत होता.

डॉक्टर काय म्हणाले होते ते सुजाता विसरली. सवयीने म्हणाली, "भाऊ, नको. गॅस होईल."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "गॅस झालेलोच आसा मां? मगे आता आणखी काय होतला?"

आमचंच खोटं, आम्हालाच पुरून उरलं.

भाऊ जेवले. उजवा हात मोकळा होता, तेवढा पुरला. दोन निवटे, अर्धी भाकरी, वर सोलकढीसुद्धा. आणि मागच्या दारी जाऊन सगळं ओकले. मंग्याने धरलं, मी पाणी ओतलं. परत आले तर तोंड पुसून म्हणाले, "चव बरी होती."

मी हात धुवायला थांबलो होतो. हिरूताई बादली घेऊन आल्या, फरशी धुतली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "माशांनी नाय झालं. माजा सासरा असाच गेला. डाक्तर काय बोलला? किती?"

परकी बाई, तिथे घरचं कुणी नाही. खरं बोलायला याहून बरी जागा कुठली? सत्य सांगावं, सत्य सांगावं म्हणून स्वयंपाकघरात भाषण केलेला मी, पार्ल्याचा माणूस.

"गॅस आहे हो," मी म्हटलं.

*

दुपार कलली, पाणी परत चढायला लागलं. होडी सुटायच्या आधी काठावरच्या देवाला नारळ ठेवायची तिथली रीत आहे. देव म्हणजे तिवरांच्या कडेला एक शेंदरी दगड. हिरूताईंनी नारळ आणून भाऊंच्या हातात दिला. "वडील मानूस हाय, तुमीच ठेवा."

भाऊंचा चेहराच बदलला. चपला काढल्या, टोपी नीट केली. मालवणी माणूस देवापुढे नारळ ठेवतो तेव्हा गाऱ्हाणं घालतो. म्हणजे घरातल्या वडील माणसाने मोठ्याने देवाशी बोलायचं, मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मागणं पोचत नाही, आणि सांगणारा पुढे जात नाही. हे मला सुजाताने तिथेच, कानात सांगितलं.

भाऊंनी नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. आवाज कुठून आला देव जाणे. आजारपणात तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

"बा देवा म्हाराजा! तू ह्या खाडीचो राखणदार. आज आमी तुज्या दारार इलंव. ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ही माजी नात शिकान मोठी होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ईराला हा खेळ भलताच आवडला. सगळ्यांत मोठा आवाज तिचा.

"ह्या पार्ल्याच्या जावयाक माशाचे काटे काढूची अक्कल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात मंग्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"माज्या झिलाक बरीशी बायल गावंदे, त्येचो संसार उभो ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हिरूताईंनीही सूर लावला होता. इंजिनावरचा नवराही बोलला!

भाऊ थोडे थांबले. श्वास लागला होता.

"आणि म्हाराजा, माज्या ह्या माणसांनी माज्यापासून एक गोष्ट लपवून ठेवलेली आसा. त्येंका वाटता, माका म्हायती नाय. तर त्येंका तसाच वाटांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

एकटी ईरा.

सुजाताची नखं माझ्या दंडात रुतली. भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही, डोळेही उघडले नाहीत. आवाजही तोच, मघाचाच.

"आणि माका अंथरुणार कुजवू नको. चालतो-बोलतो आसतानाच, ह्या माज्या माणसांच्या देखत, उचल रे म्हाराजा!"

ईराने तोंड उघडलं. तिच्या आईने ते हाताने दाबलं.

भाऊ हात जोडून तसेच थांबले. मंग्या धरायला पुढे झाला तर त्यांनी कोपराने त्याला दूर सारलं. मागणं अर्धवट लटकलेलं, आणि ते पुरं झाल्याशिवाय हा माणूस हलणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मी नारळाकडे बघत होतो. मंग्या तर बघतही नव्हता.

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, दोन पावलं पुढे झाल्या, आणि एकट्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"होय म्हाराजा!"