ओल्या अंगावर मेण नाही

पडदेवालीला आधी वाटलं, ही म्हातारी बाळाच्या बुडाला बूट-पॉलिश चोपडते! हसा, हसा. आता तीसुद्धा पोट धरून हसते. पण त्या दुपारी तिला काही हसू आलं नव्हतं. जिन्याखालचं बूटदुरुस्तीचं दुकान, पत्र्याच्या चपट्या गोल डब्यांची रांग, आणि तसलीच एक डबी उघडून म्हातारी कुणाच्या तरी तान्ह्या लेकीला काहीतरी फासतेय! पडदेवालीने आपलं बाळ छातीशी आवळलं आणि आल्या पावली सटकली.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आली. काय करणार बिचारी?

ती पडद्यांच्या दुकानात शिलाईला बसायची. बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. आणि बाळाला, म्हणजे घरच्यांच्या गोळ्याला, डायपरखाली असं लाल पुरळ उठलेलं की पाणी लागलं तरी टाहो फोडायचा. डॉक्टर म्हणाले, "जंतू नाहीत, ओल आहे, कोरडं ठेवा." दोन मलमं संपली. त्यात पाळणाघरवाल्या काकूंनी फोनवर ठणकावलं, "लाल बूड घेऊन माझ्या दारात यायचं नाही. बाकीचे आईबाप मला फाडून खातील." सोमवारी पाळणाघर नाही, तर तिच्या मशीनवर दुसरी बाई. मालकाने दुसरी शोधूनही ठेवली होती. आणि त्या दिवशी होता बुधवार.

"काल पळालीस ती तूच ना?" म्हातारीने, म्हणजे मेणमावशीने, हातातल्या बुटावरून नजरही वर न करता विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"उजवी टाच झिजलीय तुझी. ऐकू येते."

"मला वाटलं, पॉलिश आहे."

"पॉलिशच आहे. बूट तेवढा वेगळा." आणि मावशी अशी खिदळली की तिच्या तोंडातला खिळा पडायचा राहिला.

डबी कोरी असते, उकळून घेतलेली. आत मधमाशीचं मेण आणि खोबरेल, संपलं. मेण तिच्याकडे असायचंच, बूट शिवायच्या दोऱ्याला लागतं ना. आणि अक्कल चामड्याकडून आलेली. "कातडं ओलं राहिलं की कुजतं," मावशी म्हणाली. "आधी वाळव, मग मेण. पातळ. ओल्यावर लावशील तर ओल आतच कोंडेल, आणि मग माझ्या नावाने बोंबलत येशील."

तिने चामड्याचा एक पातळ तुकडा पाण्यात बुडवून खुंटीला टांगला. तो वाळेपर्यंत गोळा बाकावर घडी घातलेल्या चादरीवर उघडा पडून राहायचा. हे तिचं घड्याळ.

पडदेवाली बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली. समोरच्या फळीवर लहान मुलांचे बूट होते. ओळीने, चिठ्ठ्या बांधलेले, धुळीने माखलेले.

"हे कुणाचे?"

"दुरुस्तीला टाकले, न्यायला आलेच नाहीत. पोरांचे पाय वाढतात ना. बूट राहतात इथे."

"सगळ्यांचेच वाढले?"

मावशीने दोरा दातांनी तोडला. "वाढले त्यांचे वाढले."

पडदेवालीच्या लक्षात आलं, शेवटच्या जोडावर धूळ नाहीये. लाल बूट, तीनेक वर्षांच्या मुलाच्या मापाचे. तळव्यांना ताजी माती.

इतका वेळ रडणारा गोळा एकदम गप्प झाला. त्याचे डोळे फळीवरून खाली उतरले, जमिनीलगत हळूहळू सरकत दारापर्यंत गेले, तिथून परत आले आणि बाकाच्या अगदी कडेशी थांबले. तिथे काही नव्हतं. गोळा हसला.

"लांब हो बघू जरा," मावशी खिळे निवडता निवडता म्हणाली. "त्याला वारा लागू दे."

"कोण, मी?"

"तू कशाला? तू बस."

पडदेवाली उठायला निघाली. पण तुकडा अजून ओला होता आणि सोमवार यायचा थांबणार नव्हता. ती बसून राहिली.

मावशीने दिलेली डबी घेऊन ती घरी आली, आणि गुरुवारी घातला घोळ. बाळ रडून निळं पडायला आलं, तिचा धीर सुटला, पुसलं न पुसलं तोच बोटभर मलम थापून डायपर बांधला. शुक्रवारी सकाळी बघते तर पुरळ मांड्यांपर्यंत. तशीच धावली.

दारात पाऊल टाकते न टाकते तोच मावशी म्हणाली, "ओल्यावर लावलंस."

"कोण सांगतं हो तुम्हाला?"

"डबी दाखव."

पडदेवालीने पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं, आणि तिचा हात तसाच राहिला. मलमात मधोमध बोटाचा खळगा होता. वाटाण्याएवढा. तिचं बोट नव्हे. नवऱ्याचं तर केळ्याएवढं. डबी रात्रभर कपाटात होती, वरच्या खणात, बंद.

"मावशी, हे..."

"हो, बोट घालतं कधीकधी." मावशीने अंगठ्याने खळगा सारखा केला, जसं काही पोरांचं रोजचंच आहे. "इथून जिथे जिथे डबी जाते तिथे बघून येतं. खोडी नाही हो काढत. टाकून द्यायची तर दे, मी काही रागावणार नाही. पण मग सोमवारचं तुझं तू बघ."

पडदेवालीने डबी कचऱ्याच्या टोपलीवर धरलीसुद्धा. गोळा कण्हला. तिने झाकण लावलं आणि डबी पिशवीत टाकली. "तुकडा द्या एक, टांगायला," ती म्हणाली.

मग शनिवारी तिने सगळं नीट केलं. साध्या पाण्याने धुतलं, टिपलं, घासलं नाही. तुकडा पडद्याच्या दांडीला टांगला आणि बाळाला उघडं टाकून शेजारी आडवी झाली. आठवडाभराचं जागरण, दुपारची वेळ, डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने. टक, टक, टक. स्वयंपाकघरात कुणीतरी टणक तळव्यांचे छोटे बूट घालून चालत होतं. सावकाश, नवं नवं चालायला शिकलेलं मूल चालतं तसं. गोळा दाराकडे बघून खुदखुदत होता. नवरा कामावर, दाराला आतून कडी. तिने उठायला हात टेकला. मग तिला जाणवलं, आपल्या मुठीत काहीतरी आहे.

चामड्याचा तुकडा. पूर्ण वाळलेला. दांडी इतकी उंच की तिलाच स्टूल घ्यावं लागायचं.

टक टक थांबलं. कुणीतरी वाट बघत थांबावं तसं.

तिने बोटावर मलम घेतलं, पातळ, आणि लावलं. मग रिकाम्या दाराकडे बघून म्हणाली, "बरोबर लावलं ना रे?"

स्वयंपाकघरातून पावलं जिन्याच्या बाजूला गेली आणि विरली. कडी तशीच होती. रविवारी पुरळ गुलाबी झालं. सोमवारी सकाळी नुसती पुसट सावली.

मेणमावशी दुकान बंद करून पाळणाघरापर्यंत सोबत आली. "बघते तरी, काय म्हणते ती."

काकूंनी चष्मा लावला, गोळ्याला उलटा केला, सुलटा केला. बुडाला नाव ठेवायला जागाच नव्हती. "बरं, ठेवा," त्या नाइलाजाने म्हणाल्या. पडदेवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण काकू कसल्या गप्प बसतात! "मोजे मात्र वेगवेगळ्या मापाचे घातलेत. डावा मोठा."

"मीच घालायला सांगितले," मावशी म्हणाली. "त्याचा डावा पाय मोठा आहे."

"काहीतरीच! एवढंसं पोर, त्याचे पाय काय कमी-जास्त?"

"आहेत."

"नाहीत! वीस वर्षं मुलं सांभाळतेय मी."

"मी पन्नास वर्षं पाय बघतेय. दोरा आण."

काकूंनी स्वतःच्या हाताने दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरला, गाठ मारली, मग दुसऱ्या पायाला लावला. पुन्हा लावला. खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"जरासाच तर आहे," त्या पुटपुटल्या.

"मग मी काय फूटभर म्हटलं होतं?" मावशी म्हणाली आणि दोरा गुंडाळून खिशात टाकला.