सातवीच्या बाकांवरची टकटक

ड्रमबाईंना भीती कागदाची. शिक्का मारलेलं पाकीट हातात पडलं की त्या ते आधी उजेडाला धरून बघायच्या. कारण साधं होतं, त्यांच्यापाशी स्वतःचा म्हणावा असा एकही कागद नव्हता. संगीत त्या शिकल्या वडिलांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, फाटके ढोल मढवता मढवता. पुढे बारा वर्षं बँडमध्ये ड्रम बडवला. शाळेनं घेतलं तेही वर्षावर्षाच्या हुकमावर. हुकूम आला तर बाई, नाही आला तर घरी. पदवीवाले मुर्दाड आवाजात शिकवत राहतात, त्यांना कुणी हात लावत नाही. जिच्या तासाला पोरं धावत येतात, तिची मान मात्र दरवर्षी सुरीखाली.

सातवीला एक जुनं नाटक होतं. बाहेर साथ पसरलेली, म्हणून राजा नगराचा दरवाजा बंद करायला लावतो आणि द्वारपालाचा स्वतःचा मुलगा बाहेरच अडकतो. गोष्ट काळजाला हात घालणारी, पण भाषा अशी जडजंबाल की तिसऱ्या ओळीला अर्धा वर्ग पेंगायचा. भाषेचे सर टेकीला आले.

"बाई, तुमचा तास माझ्या तासाला जोडा," ते म्हणाले. "नाटक कळलं नाही तरी चालेल, निदान पोरं जागी तर राहतील."

बाईंनी ते नाटक शब्दकोश मांडीवर घेऊन चार वेळा वाचलं. मग एकेका पात्राला एकेक ठेका दिला. राजाचे चार ठोके, सारखे आणि जड. मुलाची दारावरची थाप, घाईची. द्वारपालाचे दोन ठोके आणि तिसरी जागा रिकामी.

"तिसरा का नाही, बाई?" टाचणीनं विचारलं. पोरगी इतकी किडकिडीत की वर्गानं तिचं नावच टाचणी ठेवलं होतं.

"तूच सांग."

टाचणीनं बाकावर दोनदा बोट आपटलं आणि थांबली. "त्याचा हात उठतो. पण अडसरापर्यंत जात नाही."

हे बाईंनाही सुचलं नव्हतं.

महिन्याभरात अख्खा वर्ग नाटक बाकांवर वाजवू लागला. बोट चाललं की संवाद आपसूक ओठांवर यायचे. पण परीक्षा जवळ आली तशी बाईंना धास्ती वाटू लागली. पोरं नापास झाली तर बोट कुणाकडे दाखवणार? आदल्या दिवशी त्यांचा धीर सुटला. फळ्यावर तयार उत्तर लिहून वर्गाकडून त्यांनी ते उतरवून घेतलं: ‘द्वारपाल कर्तव्यनिष्ठ असल्यामुळे त्याने दरवाजा उघडला नाही.’ परीक्षेत बोटं गप्प ठेवा, एवढंच सांगायचं मात्र राहिलं.

पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले. चौथा प्रश्न आला, ‘द्वारपाल दरवाजा का उघडत नाही?’ आणि खिडकीकडच्या रांगेत टक-टक झालं. मग मधल्या रांगेत. मग सगळीकडे, दोन ठोके आणि शांतता, दोन ठोके आणि शांतता. पर्यवेक्षकांनी कान टवकारले. खुणांची भाषा! त्यांनी चौतीसच्या चौतीस उत्तरपत्रिका ओढून घेतल्या, पाकिटात घालून लाख लावली आणि वर लिहिलं, ‘सामूहिक कॉपी’.

चौकशी गुरुवारी ठरली. पाकीट समितीसमोरच उघडायचं होतं.

"लिहून द्या, की ही पोरांचीच खोड, मी शिकवलेली नाही," मुख्याध्यापिका दार लोटून म्हणाल्या. "वर्षभराचा हुकूम माझ्या सहीनं निघतो. मला तो काढता आला पाहिजे ना?"

"आणि पोरांचं?"

"पोरं काय, पुन्हा सातवीत बसतील."

घरी बाईंची थोरली बहीण, ताई, मशीनवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत होती. बाईंनी सगळं सांगितलं. फळ्यावरच्या उत्तराचंही सांगितलं. "ताई, सगळ्यांनी तेच लिहिलं असेल तर? चौतीस कागदांवर एकच वाक्य निघालं, की खुणा केल्या हे सिद्धच झालं गं."

"मग दे लिहून," ताई सुई ओवत म्हणाली. "बारा-बारा वर्षांची पोरं लबाड ठरव आणि सुखानं नोकरी कर. पण माझ्या ताटाला ताट लावून जेवू नकोस."

"तुला काय जातंय बोलायला!"

"जातंय ना. तू घाबरलीस की उशीला कवटाळून बसतेस, आणि उशी माझी असते."

गुरुवारी समितीच्या खोलीत तीन खुर्च्या, एक टेबल आणि ते पाकीट. बाहेर जिन्याजवळ पोरं उभी केलेली.

"ठोके कुणी शिकवले?" समितीच्या मुख्य साहेबांनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी डोळ्यांनी खूण केली. "मी," बाई म्हणाल्या. "मीच शिकवले."

साहेबांनी लाख फोडली. पहिली उत्तरपत्रिका काढली. बाईंनी टेबलाची कड धरली.

"‘त्याला वाटतं, थाप ऐकू येतेय तोवर मुलगा जिवंत आहे. दार उघडलं तर थाप थांबेल.’"

दुसरी. "‘तो राजाला भितो, पण जास्त भितो शेजाऱ्यांच्या लहान बाळांसाठी.’"

तिसरी टाचणीची. "‘त्याचा हात उठतो. पण तो हात त्याचा एकट्याचा नाही, साऱ्या शहराचा आहे.’"

साहेब वाचत गेले. प्रत्येक कागद वेगळा. एकाच्या शुद्धलेखनाचा पार चेंदामेंदा झालेला, पण वाक्य त्याचं स्वतःचं. बाईंची पकड सैल होऊ लागली, तोच शेवटच्या, चौतिसाव्या कागदाशी साहेब थांबले. मागचा सत्ताविसावा काढून त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर शब्द न् शब्द तेच, कर्तव्यनिष्ठ.

"हे दोघं कुठे बसले होते?"

"एक दाराशी, दुसरा शेवटच्या बाकावर," पर्यवेक्षक पुढे सरसावले. "म्हणजे निरोप पोचला की नाही?"

गप्प राहिलं तर दोन पोरं जाणार, बाई वाचणार.

"ते वाक्य माझं आहे," बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहून दिलं. घाबरले होते. बत्तीस जणांनी ऐकलं नाही. या दोघांनी बिचाऱ्यांनी ऐकलं."

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी मान वर केली. "उत्तरपत्रिका तपासायला पाठवा, सगळ्या. तयार उत्तर फळ्यावर देणं हा मात्र तुमचा दोष, बाई. तो नोंदवलाय. तुमच्याबद्दल लेखी कळवू."

बाहेर टाचणी कठड्याला चिकटून उभी होती. "बाई, आम्ही नापास?"

"तुमचे पेपर तपासणार आहेत."

"आणि तुमचं?"

"माझं टपालानं येईल," बाई म्हणाल्या, आणि पोरांच्या मधोमध पायरीवर बसल्या.