बिनगाडीचा कार्बोरेटर

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये एक गृहस्थ राहतात. नाव मला माहीत नाही. दर रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून मोटारसायकलचा कार्बोरेटर खोलतात. जेट डोळ्यासमोर धरून त्याच्या भोकातून उजेड दिसेपर्यंत फुंकतात, उरलेले भाग पेट्रोलच्या वाटीत जुन्या टूथब्रशनं घासतात. मग सगळं पुन्हा जोडून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून वर घेऊन जातात. गाडी मात्र कधी दिसली नाही.

शेवटी मी विचारलंच, "काका, गाडी कुठंय?"

"चोरीला गेली. हा साफ करायला वर नेला होता, तेवढ्यात कुणीतरी ढकलत नेली."

"मग आता हा कशाला साफ करता?"

"त्याच्याशिवाय गाडी चालणार आहे का? येईल की मागायला. तेव्हा जेटमध्ये कचरा निघाला, तर काय म्हणेल तो?"

"पण तो नवीन विकत घेईल ना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, चोर आहे तो. विकत कशाला घेईल?"

हल्ली पार्किंगमध्ये कुणी अनोळखी माणूस घुटमळताना दिसला, की मी त्याला काकांचा मजला सांगतो.